सात महिन्यांच्या मुलीला सवाईला न्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सात महिन्यांची, आईबाबा दोघंही दरवर्षी सवाईला, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला, जाणारे. यंदा शुक्रवारचं सत्र आणि शनिवारची रात्र तिला घेऊन ऐकायची आहे. सासूबाई म्हणतात कानात कापसाचे बोळे घालून न्या, डॉक्टर म्हणाले "आवाजाचं बघा". म्हणजे नेमकं काय बघायचं?

न्या, पण शुक्रवारी आणि एकाच कलाकारापुरती. पहिला कलाकार निवडा. शनिवारचं शेवटी बोलू.

1953 साली पंडित भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. पुढे कित्येक वर्षं तो रात्रभर चालायचा आणि लोक पहाटेची भैरवी ऐकून घरी जायचे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला रात्री 10 ते सकाळी 6 बंदी घातली (सरकारला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देता येते) आणि सत्रं दुपारकडे सरकली. जुन्या श्रोत्यांना याची हळहळ वाटते, पण तान्ह्या बाळाच्या घरासाठी हीच सोय झाली. दुपारी तीन-चारच्या सुमाराला सत्र सुरू होतं. तेव्हा बाळ जागं असतं, थंडी पडलेली नसते आणि मांडव अर्धा रिकामा असतो.

आता आवाज. बाळ रडलं तर उचलून बाहेर नेता येतं. कानाला इजा झाली तर ती भरून येत नाही आणि बाळाला सांगताही येत नाही, म्हणून हे आधी. जागतिक आरोग्य संघटनेने करमणुकीच्या ऐकण्यासाठी आठवड्याची जी मर्यादा सुचवली आहे ती मोठ्यांना 80 डेसिबल 40 तास, मुलांना 75 डेसिबल 40 तास. आवाज 3 डेसिबलने चढला की वेळ निम्मा करायचा. म्हणजे मुलांसाठी 78 ला 20 तास, 81 ला 10, 84 ला 5, 87 ला अडीच, 90 ला सव्वा तास आणि 96 ला जेमतेम 19 मिनिटं. ही मर्यादा मुळात इअरफोन लावणाऱ्या मुलांचा विचार करून ठरवलेली आहे, त्यामुळे तान्ह्यासाठी ती कमाल समजा आणि बरंच खाली राहा. शिवाय बाळाच्या कानाची नळी आखूड आणि अरुंद असते. मोठ्यांच्या कानात साधारण 3000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज जसा घुमून वाढतो, तसा बाळाच्या कानात त्याहून बराच बारीक, वरच्या पट्टीचा आवाज वाढतो. माइकची शिट्टी, झांज आणि टाळ तुम्हाला नुसते बोचतात, तिला जास्त लागतात.

मोजायला फोन चालतो. आयफोनवर अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेचं आवाज मोजायचं फुकट ॲप आहे, ते बऱ्यापैकी विश्वासाचं. अँड्रॉइडवरच्या ॲप्समध्ये पाच-सात डेसिबलची चूक सहज असते, म्हणून आलेल्या आकड्यात पाच मिळवूनच निर्णय घ्या. फोनचं कव्हर काढा, माइकवर बोट येऊ देऊ नका, फोन बाळाच्या डोक्याच्या उंचीवर धरा आणि क्षणाचा आकडा न बघता किमान एक मिनिटाची सरासरी बघा. विलंबित (गाण्याचा संथ भाग) चालू असताना मोजून "70 च तर आहे" म्हणणं ही नेहमीची चूक. मोजायचं ते द्रुतात (जलद भागात) किंवा झाल्यात (वाद्यवादनाच्या शेवटच्या वेगवान भागात), आणि एकदा टाळ्यांच्या वेळी. तिथली सरासरी 85 च्या आत असेल तर कर्णरक्षक लावून तासभर बसायला हरकत नाही. 90 च्या वर जात असेल तर जागा बदला. बदलूनही उतरत नसेल तर बाहेर या.

जागेबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. लोक म्हणतात, "आम्ही पार मागे बसतो, स्टेजपासून लांब." मोठ्या मांडवात आवाज फक्त स्टेजवरून येत नाही. मागच्या श्रोत्यांसाठी मांडवाच्या मध्ये, खांबांवर आणखी स्पीकर लावलेले असतात, ध्वनिव्यवस्थेची माणसं त्यांना डिले स्पीकर म्हणतात. स्टेजपासून दोनशे फूट लांब, पण डिलेच्या नेमकं खाली बसलेल्या बाळाला पुढच्या रांगेतल्या माणसाहून जास्त आवाज मिळू शकतो. म्हणून बसायच्या आधी मान वर करून बघा. डोक्यावर किंवा तोंडासमोर पंधरा-वीस फुटांत स्पीकर नको. एकट्या स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की मोकळ्यावर साधारण 6 डेसिबल उतरतात. स्टेजच्या दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखे उभे लटकवलेले असतात, त्या स्पीकरच्या रांगेपासून मात्र अंतर दुप्पट करूनही बऱ्याच लांबपर्यंत 3 च उतरतात, त्यामुळे चार रांगा मागे सरकून काही साधत नाही. बाजूला सरकल्याने साधतं, कारण स्पीकरचं तोंड जिकडे आहे त्याच्या बाहेर बारीक आवाज पटकन पडतो. जमिनीवर ठेवलेले मोठे चौकोनी डबे म्हणजे सबवूफर, खर्जाचे. भारतीय बैठकीत बाळाचं डोकं त्यांच्या उंचीला येतं. ख्यालगायनात त्यांचं काम थोडं असतं, पण फ्यूजन असेल तर तो कोपरा टाळाच.

तर जागा अशी: बैठकीच्या कडेला, बाहेर जायच्या वाटेला लागून, दोन स्पीकरांच्या मधल्या पट्ट्यात. मागे जनरेटर नाही ना हे बघा, डिझेलचा धूर खाली बसणाऱ्यालाच जास्त लागतो. खाद्यपदार्थांच्या स्टॉलकडचा कोपराही नको, भज्यांच्या तेलाचा वास आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची धूळ. खुर्चीचं तिकीट काढणार असाल तर रांगेतली शेवटची, वाटेकडची खुर्ची. माझ्या मते बाळासाठी बैठकच बरी. तिला पुढ्यात दुपट्यावर ठेवता येतं, पाय मोकळे राहतात आणि उठताना आठ जणांचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. एकच गोष्ट: चपला बाहेरच्या ढिगात सोडू नका. कापडी पिशवीत घालून जवळ ठेवा. रडणारं बाळ कडेवर घेऊन अंधारात आपली चपला-जोडी शोधणं काय असतं ते एकदा अनुभवलेला माणूस पिशवी विसरत नाही.

कापसाचे बोळे नकोत, सासूबाईंना समजावून सांगा. सुट्या कापसाने फार तर काही डेसिबल कमी होतात, त्यातही खर्जाचे जवळपास नाहीतच. वर बोळा आत सरकतो किंवा बाळ तो काढून तोंडात घालतं. मोठ्यांचे फोमचे इअरप्लग याच कारणासाठी बाद, शिवाय ते एवढ्या अरुंद नळीत बसत नाहीत. लोकरीच्या कुंचीने किंवा कानटोपीने थंडी अडते, आवाज फारसा अडत नाही.

लागतात ते वाटीसारखे कान झाकणारे कर्णरक्षक, बाळांच्या मापाचे, डोक्याभोवती मऊ इलॅस्टिक पट्टा असलेले. मोठ्या मुलांचे कडक कमानीचे या वयात घेऊ नका, टाळू अजून भरलेली नसते आणि कमान दाबते. खोक्यावर एनआरआर 20, 22 असा, किती डेसिबल आवाज अडतो ते सांगणारा आकडा लिहिलेला असतो. तो प्रयोगशाळेतला. हलणाऱ्या, मान फिरवणाऱ्या बाळाच्या डोक्यावर 10 डेसिबल मिळाले तरी समाधान माना. हिशोबासाठी 10 च धरा: बाहेर 90 असेल तर आत 80, आणि 80 ला वरच्या हिशोबाने आठवड्याचे बारा तास मिळतात. ढोलताशा आणि डीजेसमोर हा हिशोब कोलमडतो. तिथे आवाज शंभरीच्या पुढे जातो आणि त्यातला बराचसा भाग खर्जाचा असतो, जो वाट्यांनी सर्वात कमी अडतो. गणपतीच्या मिरवणुकीत कर्णरक्षक लावून तान्हं बाळ उभं केलेलं दिसतं, ते योग्य नाही.

बसवायची पद्धत: आधी वाट्या दोन्ही बाजूंना ताणून कानाच्या पाळीसकट पूर्ण कान आत घ्या. पाळी वाटीच्या कडेखाली दुमडली तर दहा मिनिटांत बाळ रडतं आणि घरच्यांना वाटतं की तिला गाणं आवडत नाही. वाटीच्या कडेखाली केस, कुंचीची किनार किंवा कानातल्या बाळीची तार येऊ देऊ नका. कागदाएवढी फट राहिली तरी निम्मा उपयोग गेला. आधी कर्णरक्षक, त्यावरून कुंची, हाच क्रम. पट्टा इतका की त्याखाली तुमचं एक बोट जाईल, दोन नाही. दर पाऊण तासाने बाहेर शांत जागी काढून कानामागे बघा. फिकट लाल खूण दहा मिनिटांत जायला हवी. कुशीवर झोपली असताना वाटी कानावर दाबली जाते, तेव्हा तिला उताणी घ्या किंवा बाहेर न्या.

आणि हे ऐन दिवशी पहिल्यांदा लावू नका. आठवडाभर आधी घरी सुरुवात करा, खेळताना पाच मिनिटं, मग दूध पिताना दहा, मग रेडिओ लावून वीस. पाचव्या-सहाव्या दिवशीही ती ओढून काढत असेल तर यंदा सवाई नको.

"आम्हीही लहानपणी सवाईत सतरंजीवर झोपलो होतो" असं सांगणारं कोणीतरी प्रत्येक घरात असतं. झोपलेल्या बाळाचा कान उघडाच असतो. बाळ झोपलं म्हणजे त्याला आवाज सोसतोय, असा अर्थ होत नाही. उलट काही बाळं फार गोंगाट झाला की डोळे मिटून गप्प होतात, ते सुखाचं लक्षण नव्हे. मुठी आवळलेल्या, कपाळ आक्रसलेलं, दूध पुढे केलं तरी तोंड वळवतेय, असं दिसलं तर ती झोपली असली तरी बाहेर न्या.

बाळ दचकतं ते बहुतेक वेळा गाण्याने नाही, टाळ्यांनी. हळूहळू चढणारा आवाज बाळं सहज घेतात, शून्यातून उसळणारा घेत नाहीत. तिहाई (एकच तुकडा तीनदा) सुरू झाली की समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, "वाहवा" आणि टाळ्या येणार हे तुम्हाला ठाऊक असतं, तिला नसतं. तिसऱ्या पल्ल्याला तळहात तिच्या पाठीवर ठेवा, वाट्या लावलेल्या नसतील तर कानांवर. दोनतीन वेळा असं झालं की टाळ्या वाजताच ती तुमच्या तोंडाकडे बघते आणि तुम्ही हसताय हे बघून पुन्हा खेळायला लागते. साउंड चेक टाळा. तबल्यावर हातोडी ठोकणं, "हॅलो, चेक" आणि मध्येच सुटणारी शिट्टी, सगळं तेव्हाच असतं. आधी बाहेर थांबून तानपुरे जुळत आले की आत जाऊन बसा.

तिच्या आवाजाने इतरांना होणारा त्रासही खरा आहे, त्यात संकोच न करता व्यवस्था करा. सर्वात नाजूक वेळ म्हणजे विलंबिताची सुरुवात आणि वाद्याचा आलाप. तेव्हा हुंकारही चार रांगा पुढे ऐकू जातो. द्रुतात, तराण्यात थोडी बडबड खपून जाते. दोघांपैकी बाहेर कोण जाणार हे घरून ठरवून निघा, म्हणजे "तू जा, नाही तू जा" ची कुजबुज होत नाही. रडण्याची चाहूल लागताच, पहिल्या दहा सेकंदांत उठायचं. बंदिश संपायची वाट बघू नका. कडेच्या वाटेने जायचं, स्टेजसमोरून नाही. बाहेर गेल्यावर परत आत घेतील का, त्यासाठी हातावर शिक्का किंवा पास लागतो का, हे जातानाच दारावर विचारून ठेवा.

पायातले घुंगरांचे वाळे घरी काढून ठेवा. विलंबितात ते छुमछुमले की बैठकीतली पन्नास डोकी वळतात. खुळखुळा, कुरकुरणारं प्लॅस्टिकचं पुस्तक, वेल्क्रोची बॅग हेही नको. कापडी बाहुली, रबरी दात-कडं आणि तुमच्या ओढणीचं टोक एवढ्यावर तासभर निघतो.

वेळ तिच्या झोपेवरून ठरवा. सात महिन्यांचं बाळ एकदा उठल्यावर साधारण अडीच-तीन तास आनंदात असतं. दुपारची झोप अडीचला संपेल असं बघा, निघायच्या आधी दूध, चारला मांडवात, पहिला कलाकार संपला की साडेपाचपर्यंत बाहेर. अंगावर पाजत असाल तर प्रश्न कमी, कडेला ओढणी घेऊन बसल्या जागी पाजा. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या हवेत चार तास टिकतं, बर्फाच्या पिशव्यांसह गार डब्यात 24 तास. बाळाने तोंड लावलेलं दोन तासांत संपवा नाहीतर टाका. पावडरचं दूध असेल तर उकळून गार केलेलं पाणी आणि पावडर वेगवेगळी न्या आणि आयत्या वेळी कालवा. कालवलेलं दोन तासांच्या वर ठेवू नये, पाजायला सुरुवात केल्यावर तासाभराच्या वर नाही. वरचं खाणं सुरू झालं असेल तर घरचं केळं किंवा नाचणीचं सत्त्व पुरे, स्टॉलवरचं काही नको. झोपावी म्हणून मध चाटवू नका, वर्षाच्या आत मध मुळीच नाही. सर्दीचं गुंगी आणणारं औषध तर अजिबात नको.

पुण्याच्या डिसेंबरात दुपारी ऊन आणि सूर्य कलला की तासाभरात गारठा. तुमच्या अंगावर आहे त्याहून एक थर जास्त, हा अंदाज. हातपाय गार लागतात म्हणून थर चढवत बसू नका, मानेमागे बोट घालून बघा. तिथे घाम असेल तर एक थर काढा. पोटाशी बांधायच्या झोळीत किंवा कॅरियरमध्ये असेल तर तुमचं अंग हाच एक थर. कॅरियरमध्ये तिचा चेहरा तुम्हाला सतत दिसला पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये (मध्ये दोन बोटं जावीत), आणि थंडी म्हणून शाल तिच्या तोंडावरून ओढायची नाही. बाबागाडी मांडवात निरुपयोगी, गाडीतच ठेवा. डासांसाठी पूर्ण बाह्या आणि पायमोजे बरे. डायपर तीन तासांना एक आणि वर दोन. बदलायला जागा मिळेलच असं धरून चालू नका, आपली कार हीच खात्रीची जागा. रिक्षाने येणार असाल तर घरून निघताना ताजं बांधा.

सर्दी, कान दुखणं किंवा ताप असेल तर तिकीट कोणाला तरी देऊन टाका. जन्मानंतरची श्रवणचाचणी पुन्हा करायला सांगितली असेल आणि राहिली असेल तर आधी ती. तीन महिन्यांच्या आतलं बाळ अशा गर्दीत आणूच नये. त्या वयात 38 अंश ताप आला तरी तडक डॉक्टरांकडे जावं लागतं, आणि 6, 10, 14 आठवड्यांच्या लसी व्हायच्या असतात.

खरं सांगायचं तर बाळाच्या पहिल्या मैफिलीसाठी सवाई हा मोठा घास आहे. माइकशिवायची घरगुती बैठक सर्वात उत्तम. दहा फुटांवर तानपुरे आणि गळा, आवाज बोलण्याहून थोडाच मोठा. मात्र तिथे लपायला जागा नसते, म्हणून दाराजवळ बसा. दिवाळी पहाटही चांगली, बाळं तशीही पाचला उठलेली असतात. अडचण फटाक्यांचा धूर आणि गारठा, म्हणून बागेतली न निवडता सभागृहातली निवडा. काही जुन्या नाट्यगृहांत मागे काचेची क्राय रूम, म्हणजे रडणारं बाळ घेऊन बसायची खोली, असते. तिकीट काढताना ती चालू आहे का आणि आत आवाज येतो का, हे विचारा. काही ठिकाणी तिचं गोदाम झालेलं असतं. तिकिटावर "पाच वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही" असं असेल तर दारावर हुज्जत घालू नका. भजनी मंडळाजवळ मात्र जपून, बंद देवळात टाळ तीन फुटांवर वाजत असतील तर तबल्यापेक्षा त्यांचाच त्रास जास्त.

आता शनिवार. त्या दिवशी बहुतेक वर्षी रात्री बारापर्यंतची परवानगी असते, गर्दीही सर्वात जास्त, आणि नऊनंतरची हवा कुंची घालूनही तान्ह्याच्या सोयीची नाही. झोपेची वेळ गेलेली, कर्णरक्षक सलग चार तास ठेवता येत नाहीत, वाटा माणसांनी भरलेल्या, दहा सेकंदांत बाहेर पडणं अशक्य. बाळाला सासूबाईंकडे ठेवा. काढलेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवस राहतं, तेव्हा गुरुवारपासून थोडं थोडं साठवून ठेवता येईल. दोन तिकिटं काढायचा जीव होत नसेल तर एकच काढा आणि मध्यंतराला पास बदला, पण एकाच पासावर दोघांना आळीपाळीने सोडतात का हे आधी दारावर विचारून घ्या.